फळीच्या अलीकडे

बंगळूर
२० जानेवारी २०२५

आत्या,

पाया पडते. पत्र कसं सुरू करायचं तेच विसरायला झालंय. शाळेत मराठीच्या पेपरात मामाला सहलीचं वर्णन लिहिलं होतं, ते शेवटचं.

घाबरू नकोस, मी बरी आहे. पत्र लिहितेय कारण फोन नाही. शिबिरातल्या आम्हा सगळ्या उडीवाल्या मुलींचे फोन सरांनी काढून घेतलेत आणि त्याला कारण मीच आहे. डिसेंबरच्या स्पर्धेत माझ्या तिन्ही उड्या फाऊल गेल्या, ते तुला ठाऊक आहे. त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि त्याखाली लोकांनी जे काय लिहिलं ते मी रोज उठून वाचत होते. जेवतानासुद्धा. शेवटी सर म्हणाले, स्पर्धा होईपर्यंत फोन माझ्या कपाटात. रविवारी दहा मिनिटं घरी बोलायला मिळतात. त्यात आई जेवलीस का विचारते आणि बाबा "बरी हायस ना" म्हणून फोन परत आईकडे देतात.

तू विचारायचीस ना, एवढी लांब उडी मारूनही शून्य कसं? तिहेरी उडीत आपण लांबून धावत येतो, पांढऱ्या फळीवरून उडतो, मग एक लंगडी, एक ढांग आणि मग वाळूत उडी. फळीच्या पुढे बोटभर जरी पाय गेला तरी लाल झेंडा. मग पुढे पक्ष्यासारखी उडालीस तरी ती उडी नाहीच. माझा पाय बोटभरच पुढे जातो. प्रत्येक वेळी. का जातो ते मला कळत नाही.

आधीच्या उड्यांच्या जोरावर एप्रिलमधल्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी माझं नाव आहे, पण मार्चमध्ये इथे चाचणी आहे. तिथेही लाल झेंडे पडले तर माझ्या जागी दुसरी मुलगी जाईल.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. तसं त्यांना माझ्या उड्यांचं काही वाटतही नाही. बारा वर्षांत एकदाही बघायला आले नाहीत. आधीच गावात लोक त्यांना विचारतात, मुलगी बावीस वर्षांची झाली, अजून उड्याच मारते काय.

तू मला काहीही लिही. मालगुंडचं लिही, शाळेचं लिही, बाजारात कुठली मासळी आली ते लिही. फक्त उड्यांबद्दल नको.

तुझी,
दीप्ती


मालगुंड
२९ जानेवारी २०२५

दीपू,

तुझं पत्र पोस्टमननं मला रस्त्यातच गाठून दिलं आणि "बाई, बंगळूरचं आहे" हे सगळ्या रिक्षा स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं. त्यामुळे घरी पोचेपर्यंत तिघांनी विचारलं, पोरगी लग्नाला तयार झाली का. मी म्हटलं, झाली की कळवते.

बांगडा स्वस्त आहे. शाळेत दहावीच्या सराव परीक्षा सुरू आहेत. नववीच्या एका मुलानं पेपरात लिहिलंय की अथेन्समध्ये लोकशाही होती कारण तिथे हवा चांगली होती. मी त्याला अर्धा गुण दिला.

आता माझं संकट ऐक. इथल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला बोलायला सांगितलंय. मार्चमध्ये. विषय कार्यवाहांनीच ठरवला: प्राचीन ग्रीक खेळ आणि आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. म्हणाले, "बाई, तेव्हा कसं सगळं पवित्र होतं आणि आता कसा सगळा बाजार झालाय, एवढं जरा खुलवून सांगा." म्हणजे व्याख्यान त्यांच्या मनात होऊन गेलंय, मी फक्त उभं राहायचं. तरी मी हो म्हटलं. तेवीस वर्षं इतिहास शिकवते, पण ऑलिंपियावर पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापलीकडे काही वाचलं नव्हतं. आता रत्नागिरीहून पुस्तकं मागवून वाचते आहे आणि रोज काहीतरी नवीन सापडतंय.

ऑलिंपिया म्हणजे ग्रीसमधलं एक देवस्थान. तिथे दर चार वर्षांनी पाच दिवस खेळ चालायचे. बक्षीस म्हणजे ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट आणि तो फक्त पहिल्याला. दुसरा नाही, तिसरा नाही. धावण्याच्या शर्यतीत कुणी वेळेआधी सुटला तर त्याला छडीनं मारायचे. आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला.

आणि आता तू रागावशील, कारण पुढचं उड्यांबद्दलच आहे. मला राहवत नाही. ते लोक लांब उडी मारताना दोन्ही हातांत दगडाची वजनं घ्यायचे आणि झेपेच्या वेळी ती पुढे झोकायचे. आणि ते उडी मारत असताना शेजारी एकजण वाजवत असायचा! इंग्रजी पुस्तकात त्याला बासरी म्हणतात, पण चित्र बघितलं तर दोन नळ्यांचा पावा आहे, पातीचा. म्हणजे आवाज आपल्या सनईच्या जातीचा असणार. विचार कर, तू धावत येते आहेस आणि शेजारी सनई!

त्यांच्या एका उडीचा आकडा शिल्लक आहे, पण तो इतका मोठा आहे की विद्वान अजून भांडतायत. काही म्हणतात भाटांनी फुगवलेला असणार. काही म्हणतात, ती एक उडी नव्हतीच, तुझ्यासारख्या लागोपाठ उड्या असणार.

बाबांना सांगत नाही. पण त्यांना काही वाटत नाही हे तू कशावरून ठरवलंस ते मला माहीत नाही. माझा भाऊ लहानपणापासून कमी बोलतो.

जेवत जा. व्हिडिओ गेला खड्ड्यात.

आत्या


बंगळूर
७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

रागावले नाही. तुझं पत्र माझ्या खोलीतल्या लिजीला वाचून दाखवलं. ती केरळची, लांब उडीवाली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत ऐकलं. दगडाचं ऐकून ती इतकी हसली की संध्याकाळी आम्ही दोघी जिममधली दोन-दोन किलोची डंबेल घेऊन वाळूत उडी मारायला गेलो. लिजी तोंडावर पडली. सर लांबून ओरडत आले. पण मी सांगितलं की हे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं तंत्र आहे, तेव्हा तेही हसले. शिबिरात आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

पण फक्त पहिल्यालाच बक्षीस हे मला पटलं नाही. बाकीच्यांनी काय केलं मग? वर्षानुवर्षं मेहनत तर सगळ्यांनीच केली असेल ना? आमच्याकडे निदान तीन पदकं असतात. चौथी येते ती मात्र फार रडते, ते मी बघितलंय. कधी वाटतं, तिसऱ्या पदकामुळेच चौथीचं रडणं वाढलं असेल.

सनईचं मात्र डोक्यातून जात नाही. आता स्पर्धेत असं काही चालत नाही. कानात गाणी लावून कुणी धावलं तर बाद करतात. फक्त लोकांना टाळ्या वाजवायला सांगू शकतो. मी सांगते, पण लोक टाळ्यांचा वेग वाढवत नेतात आणि माझे पाय त्यांच्यामागे फरफटतात. म्हणून विचारते, तो वाजवणारा उडी मारणाऱ्याकडे बघून वाजवायचा, की उडी मारणारा त्याचं ऐकून धावायचा? कोण कुणाच्या मागे?

पुस्तकात नसेल तर बाबांना विचार. ते शिमग्यातल्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवतात, नाचणारा उडी घेतो तेव्हा थाप बरोब्बर पडते. ते कसं करतात? पण माझ्यासाठी आहे असं कळू देऊ नकोस हां.

दीप्ती


मालगुंड
१७ फेब्रुवारी २०२५

दीपू,

कोण कुणाच्या मागे, हे पुस्तकात नाही. म्हणून रविवारी हातखंब्याला गेले आणि तिथून रिक्षानं आपल्या वाडीत.

दादा घरापुढच्या खळ्यात बसून मृदंगाला कणीक लावत होता. शिमगा जवळ आलाय. कमलावहिनीनं चहा दिला. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, नमनात नाचणारा उडी घेतो, तेव्हा तू त्याच्या मागनं जातोस की तो तुझ्या?"

त्यानं वर न बघता विचारलं, "कुनी विचारलंन?"

"मीच विचारते."

"तू कवा नमनात नाचलीस?" मग मात्र त्यानं मान वर केली. "पोरीचा काय बिनसलाय गो?"

दीपू, मला त्याच्यासमोर खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तीन फाऊल, लोकांनी लिहिलेलं, फोन, मार्चमधली चाचणी, सगळं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा कणीक दाबत राहिला.

"किती पुढं जातो पाय?"

"बोटभर."

"आनि बोटभरासाठी सगळा फुकट?"

"हो. तसाच नियम आहे."

"बरा नियम हाय," म्हणाला, हात धुतले आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. मी निघेपर्यंत परत आला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

मला माहीत आहे मी शब्द मोडला. पण आपल्या माणसांपासून लपवून ठेवलेल्या गोष्टीचं ओझं धावताना पायाला होतं, असं मला वाटतं. चुकत असेन.

आत्या


बंगळूर
२५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

चुकलीस.

रविवारी फोनवर बाबा काय बोलले माहीत आहे? काहीच नाही. "बरी हायस ना" सुद्धा नाही. फोन घेतला, श्वास ऐकू आला आणि आईकडे दिला. आता दर वेळी धावायला उभी राहिले की मला तो श्वास ऐकू येतो.

काल सात उड्या मारल्या. सहा लाल.

आता चाचणी होईपर्यंत पत्र नको.

दीप्ती


मालगुंड
१ मार्च २०२५

दीपू,

नको म्हणालीस तरी लिहिते, कारण हे तुला कळायला हवं. कदाचित पत्राआधी तोच पोचेल.

वहिनीचा फोन आला होता. दादा काल मृदंग घेऊन निघालाय. हातखंब्याहून कोल्हापूरची एसटी धरली आणि कोल्हापूरहून बंगळूरची गाडी. वहिनीनं विचारलं, कशाला जाताय? तर माझं नाव घेऊन म्हणे, "नम्रतानं विचारला हुता. तोंडी सांगून कळायचा नाय." शिमग्याच्या आत परत येतो म्हणालाय. नमनाच्या मंडळातले लोक चिडलेत, कारण पुढच्या हप्त्यात पालखी निघायची आणि मृदंगवाला परमुलखात. शिवा वाजवील म्हणतात, पण शिवाचा हात अजून कच्चा आहे.

वहिनीशी बोलून फोन ठेवला आणि मला परवाच वाचलेली एक बाई आठवली. ऑलिंपियात लग्न झालेल्या बायकांना खेळ बघायला बंदी होती. एका आईला मुलाची मुष्टियुद्धाची लढत बघायची होती, म्हणून ती पुरुषाचा वेश करून, त्याची प्रशिक्षक बनून आत शिरली. मुलगा जिंकल्यावर तिला भान राहिलं नाही. तिनं कठड्यावरून उडी मारली आणि पकडली गेली. शिक्षा देहान्ताची होती. पण तिचा बाप, भाऊ आणि मुलगा सगळे तिथले विजेते, म्हणून सोडून दिलं.

तुमच्या शिबिराच्या गेटवर काय बंदी आहे ते मला ठाऊक नाही. पण कुणी धोतर-टोपीतला मृदंगवाला अडवलाच, तर तो आपला आहे असं सांग.

माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

आत्या


बंगळूर
१० मार्च २०२५

आत्या,

माझी निवड झाली. हे आधी लिहिते, नाहीतर तू मधलं न वाचता शेवटचं पान उघडशील.

आता सगळं सांगते. गेटवरून निरोप आला, की तुमचा माणूस आलाय, त्याच्याजवळ काहीतरी गुंडाळलेलं आहे, येऊन काय आहे ते सांगा. धावत गेले तर बाबा. आईच्या जुन्या साडीत मृदंग, दुसऱ्या हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. गेटवरच्या माणसानं साडी सोडायला लावली होती, तरी त्याला संशय होताच. म्हणून बाबांनी तिथेच खाली बसून वाजवून दाखवलं. मी पोचले तेव्हा गेटवरचे तिघे माना डोलवत होते.

पहिला दिवस ते नुसते वाळूच्या खड्ड्याशेजारी बाकावर बसले. मी आठ वेळा धावले, आठही फाऊल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तीन उड्या कशाला? एकच मार ना लांब." मी तो सरांना इंग्रजीत सांगितला. सर म्हणाले, तीस वर्षांत हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो.

संध्याकाळी आम्ही दोघंच बाकावर होतो. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आधी कधीच आला नाहीत."

"दोनदा आलो हुतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "रत्नागिरीला. तू सातवीत हुतीस तवा. नि मग कालेजात. भिंतीकडं हुबा ऱ्हायलो. दोनी वेळेला मी आलो नि तुझा पाय पुढं गेला. लाल झेंडा वर. म्हटला, आपल्या येन्यानं पोरीचा वाईट व्हतां, तर कशाला यायचा?"

आत्या, बारा वर्षं मी समजत होते की त्यांना काही वाटत नाही.

मी म्हटलं, "पण बाबा, डिसेंबरात तुम्ही नव्हता, तरी तिन्ही गेल्या."

ते माझ्याकडे वळले. "मंग माझ्यामुळं नाय?"

"नाही."

"बरा झाला," म्हणाले. आणि एवढे हसले! त्या रात्री मेसच्या आचाऱ्याकडून त्यांनी कुळथाची पिठी करवून घेतली आणि लिजी तीन वाट्या प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनीच म्हटलं, ग्रीकांनी केलं तर आपण का नाही, वाजवू दे त्यांना. बाबा धावपट्टीच्या कडेला बसले. पहिल्या खेपेला ते रंगात आले, नमन संपताना वाढवतात तशी लय वाढवत नेली. मीही सुसाट सुटले आणि फळीच्या वीतभर पुढे. आजवरचा सगळ्यात मोठा फाऊल. दुसऱ्या खेपेला त्यांनी इतकं सावकाश वाजवलं की मी फळीपर्यंत चालतच गेले. मग लिजी म्हणाली, मी बघते, आणि ती त्याच तालावर झकास उडाली. सगळे तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. मला हसू की रडू कळेना.

मग मी बाबांना म्हटलं, वाढवू नका, कमी करू नका, एकसारखं वाजवत राहा. तसं त्यांनी केलं आणि मी धावले. शेवटी शेवटी मला ऐकू आलं, आत्या. थाप एकीकडे पडत होती आणि माझा पाय दुसरीकडे. शेवटची तीन-चार पावलं मी लांबवत होते. फळी दिसली की ती गाठायला मी ढांगा टाकत होते. सर दोन महिने हेच सांगत होते. व्हिडिओ दाखवून, खडूनं खुणा करून. मी हो हो म्हणायची, पण मला पटत नव्हतं. मला वाटायचं, मी एकसारखीच धावते. त्या दिवशी माझं चुकणं मीच ऐकलं.

लगेच बरोबर आलं असं नाही. त्या सकाळी एकच पांढरा झेंडा पडला. पण कुठे बिघडतं ते कळल्यावर भीती गेली. सरांनी माझी सुरुवातीची खूण थोडी मागे घेतली आणि तीन दिवस आम्ही फक्त शेवटच्या पावलांवर काम केलं.

बाबा चाचणीपर्यंत थांबले नाहीत. मी थांबा म्हटलं, तर म्हणाले, "शिवा पालखीचे वाभाडे काढील." पण जाताना गेटवरच्या माणसाला हात करून गेले, जसे काही ते नेहमीच येतात-जातात.

परवा चाचणी झाली. पहिली लाल, दुसरी पांढरी, तिसरी पांढरी आणि लांब. बस्स.

आणि हो, तुझ्यावरचा राग गेला. तू सांगितलंस ते बरं केलंस. पण पुन्हा सांगू नकोस.

दीप्ती


मालगुंड
२४ मार्च २०२५

दीपू,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाडीत जाऊन वहिनीला वाचून दाखवलं. दादा ओटीवर पाठ करून बसला होता, पण जागचा हलला नाही. "रत्नागिरीला भिंतीकडं" हे आलं तेव्हा वहिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तवा मला सांगितलात, खताला जातो म्हनून!" शिमगा छान झाला. तो वेळेवर पोचला.

परवा माझं व्याख्यान झालं. माणसं बरी होती, चाळीसेक. कार्यवाह पहिल्या रांगेत, पवित्र ऐकायच्या तयारीत. मी म्हटलं, तयारीला बसले तेव्हा मलाही वाटत होतं की तेव्हा सगळं निर्मळ असेल. पण ऑलिंपियात मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर देवाचे पुतळे रांगेनं उभे होते आणि ते उभारले होते लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून. कुणी प्रतिस्पर्ध्याला पैसे चारले, कुणी लढत विकली, त्यांची नावं खाली दगडात कोरलेली. प्रत्येक खेळाडूला आत जाताना ती वाचत जावं लागे. ऑलिव्हची डहाळी तिथे मिळायची खरी, पण गावी परतल्यावर अथेन्ससारखी नगरं विजेत्याला आयुष्यभर फुकट जेवू घालायची. खेळांसाठी तह व्हायचा, पण लढाया थांबायच्या असं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट तेवढी सुरक्षित ठेवायचे. आणि खेळायचं कुणी? ग्रीक, स्वतंत्र, पुरुष. बायकांच्या धावण्याच्या शर्यती वेगळ्या, देवीच्या नावानं, त्याही फक्त कुमारिकांच्या.

मग म्हटलं, आज जाहिराती आहेत, औषधं घेऊन धावणारे आहेत, देशादेशांतलं राजकारण आहे, हे खरंच. पण आज आपल्या तालुक्यातली एक मुलगी केरळच्या मुलीशेजारी झोपते, उठून थायलंडला जाते आणि जगातल्या कुणाहीबरोबर एकाच फळीवरून उडते. हे ऑलिंपियाच्या स्वप्नातही नव्हतं. तुझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. कार्यवाह आभार मानताना म्हणाले, "बाईंनी वेगळा विचार मांडला." म्हणजे आवडलं नाही.

शेवटी मासळी विकणाऱ्या गंगामावशींनी हात वर केला. म्हणाल्या, "बाई, पयल्यालाच मुकुट, तर दुसरा आलेला घरी जाऊन सांगायचा काय?" मी म्हटलं, विचार करून सांगते. तुला सुचलं तर कळव.

बँकॉकला उकडतं म्हणतात. पाणी पीत जा.

आत्या


बंगळूर
१९ एप्रिल २०२५

आत्या,

परत आले. फोनही परत मिळाला, पण हे पत्रातच सांगायचं असं ठरवलं होतं. घरी फक्त "पाचवी आले, बरी आहे" एवढंच कळवलंय.

स्टेडियम केवढं मोठं, आणि निम्मं रिकामं. आमच्या वेळी पलीकडे धावण्याच्या शर्यती सुरू होत्या, त्यामुळे आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. मला ते बरंच वाटलं. पहिली उडी लाल. घाबरले, खोटं कशाला सांगू. दुसरी पांढरी, पण जपून मारलेली. तिसऱ्या उडीनंतर पहिल्या आठजणींनाच पुढे ठेवतात. मी आठवी होते. जेमतेम आत.

पाचव्या खेपेला मी उभी राहिले आणि टाळ्या मागितल्या नाहीत. कुणाकडेच बघितलं नाही. धावले. शेवटची पावलं आपोआप आखडली आणि फळी पायाखाली आली, तिला शोधावं लागलं नाही. लंगडी, ढांग, उडी. वाळूतून उठले तेव्हा आधी मागे झेंडा बघितला. पांढरा. मग आकडा आला. तेरा मीटर एकसष्ट. आयुष्यात एवढी लांब मी कधी गेले नव्हते. आठवीवरून पाचवी. सर कठड्यापलीकडून असे ओरडत होते जसं काही मी पदकच आणलं.

नंतर एक गंमत बघितली. जी पहिली आली ती कपडे बदलायच्या खोलीत टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होती. मला वाटलं आनंदानं. पण तिच्या देशातल्या मुलीनं सांगितलं, तिची गेल्या वर्षीची उडी याहून बरीच लांब होती, आणि आज वाऱ्यापावसाचं काही कारण नसताना ती तेवढी गेली नाही. सोन्याचं पदक पिशवीत आणि ही रडतेय. आणि शेजारी पाचवी आलेली मी, केळं खात, हसू थांबत नाही अशी. बसमध्ये आपल्या पथकातले लोक माझी समजूत घालत होते, वाईट वाटून घेऊ नको म्हणून. मी त्यांना सांगून दमले की मला वाईट वाटलेलं नाही.

मग तुझ्या गंगामावशी आठवल्या. ग्रीसमध्ये ती रडणारी मुकुट घालून मिरवली असती आणि मी कुणाला तोंड दाखवलं नसतं. कारण तिथे दुसऱ्यांच्या पुढे गेलास की नाही एवढंच विचारायचे. आम्हाला मोजायला टेप आहे. टेपमुळे पहिली आलेलीचा छळ होतो, खरं आहे. पण मला मात्र त्यानं सांगितलं की कालची दीप्ती मागे राहिली. मावशींना सांग, दुसरा आलेला घरी जाऊन काय सांगायचा ते मला माहीत नाही. पाचवी काय सांगते ते मी लिहिलंय.

पुढच्या आठवड्यात घरी येते. बाबांना सांग, काही आणू नका, न्यायला येऊ नका. मी येते.

दीप्ती


मालगुंड
२४ एप्रिल २०२५

दीपू,

हे पत्र तुला निघायच्या आत मिळावं म्हणून आजच टाकते.

मी काल वाडीत गेले होते, तुझं पत्र घेऊन. खळ्यात मंडळातली चार-पाच माणसं बसलेली. एकजण दादाला विचारत होता, "रावजी, पोरीनं पदक आनलंन काय?" दादा म्हणाला, "पाचवी आली." तो म्हणाला, "मंग नाय काय!" अगदी वाईट हेतूनं नव्हे, आपलं सहज. मला वाटलं, झालं, आता हा उठून गुरांकडे जाणार.

मी पत्र वाचून दाखवलं. तेरा मीटर एकसष्ट आलं तिथे त्यानं मला थांबवलं.

"म्हंजे किती?"

मी सांगायचा प्रयत्न केला. इथून तिथपर्यंत, साधारण. तो म्हणाला, "साधारन नको." आणि उठून सुताराकडून टेप घेऊन आला. त्या प्रश्न विचारणाऱ्यालाच टेपचं एक टोक धरायला दिलं आणि ओटीच्या पायरीशी उभं केलं. "इथं फळी," म्हणाला. स्वतः टेप ओढत निघाला. खळं ओलांडलं, तुळस मागे पडली, कुंपणाच्या दगडी गडग्याशी पोचला. मी आकडा वाचला. नऊ मीटर आणि वर थोडं.

"अजून हाय?" दादानं विचारलं.

"अजून चारच्या वर आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग फाटकाचं बेडं उघडलं आणि टेप ओढत बाहेर रस्त्यावर गेला. सगळे मागोमाग. वहिनीसुद्धा हात पुसत आली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेजवळ तेरा एकसष्ट आलं. तिथे उभं राहून सगळ्यांनी मागे वळून पायरीकडे बघितलं. शेवटी तो मघाचा माणूस पायरीवरून टेप हातात तसाच धरून ओरडला, "रावजी, ही मधी कुठं टेकलीच नाय?"

"दोनदा टेकते," दादा म्हणाला. "लंगडी नि ढांग. मग उडी." आणि रस्त्यात उभं राहून त्यानं त्या सगळ्यांना लंगडी कुठे, ढांग कुठे, सगळं समजावून सांगितलं. फळीच्या पुढे बोटभर गेलं तर काय होतं तेही सांगितलं. दीपू, मी माझ्या भावाला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं चुन्यानं तिथे रेघ मारली आहे. आज वहिनीचा फोन होता. सकाळपासून मोटारसायकलवाले रेघ बघून वेग कमी करतात, त्यांना वाटतं काहीतरी काम निघालंय. आणि हा गडग्यावर बसलेला. जो थांबेल त्याला पायरी दाखवतो.

आत्या